गोधडीच्या कोपऱ्यातलं लोखंड

जीप अंगणात उभी होती, बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गप्प बसला होता, आणि आई ओटीवर बसून गोधडीला टाके घालत होती. डोळखांबच्या वाटेवरचं आमचं गाव. तिथून शहापूर, शहापूरहून मुंबईचा विमानतळ आणि पुढे थेट मस्कत. एवढा पल्ला समोर असताना ही बाई शिवत बसली म्हणून बाबा तापले होते. माझ्या मांडीवर चार महिन्यांची लेक होती. तिच्या बापाने तिला फक्त फोटोत पाहिलेलं. तो मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. बाळंतपणाला रजा मिळाली नाही आणि आमच्या व्हिसाला लागला वेळ. आता कुठे सगळं जुळून आलं होतं.

"काय शिवतीस गो एवढं?" मी विचारलं.

"लोखंड," आई म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.

आमच्याकडे तान्हं मूल लोखंडाशिवाय गावाची शीव ओलांडत नाही. घरात असेल तर उशाखाली विळा, बाहेर न्यायचं तर दुपट्यात एखादा खिळा. बाहेरचं काही लागू नये म्हणून. लेकीला मी माहेराहून सासरी मुरबाडला नेलं होतं तेव्हा एका खिळ्यावर भागलं होतं. पण आता समुद्र ओलांडायचा होता, आणि आईने त्या मानाने बंदोबस्त वाढवला होता. माझा हात लेकीच्या डोक्यावर ठेवून तिने मला शपथ घातली. "मस्कत येईस्तवर ह्या लोखंडाला पोरीपासनं वेगळं कराचं नाय. कोण काय बी बोलूं दे." मी हो म्हटलं. विमानतळावर काय काय असतं, हे शपथ घालणारीला ठाऊक नव्हतं आणि घेणारीलाही.

मी गावी आले की अजून सगळे विचारतात, विमानात बसवायच्या आधी काय तपासतात गो तुमाला? आणि मस्कतच्या बायका भेटल्या की आमचा निम्मा वेळ त्या तपासणीला शिव्या देण्यात जातो. म्हणून दोघांसाठी एकदाचं लिहून टाकते.

तसं पाहिलं तर तपासणी मला नवी नव्हती. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात आई बसायची, तिच्यापुढे विमानतळवाले म्हणजे पोरखेळ. बाहेरून कुणीही आलं की आधी पाय धुवायचे, मग निखाऱ्यावर हात शेकायचे, मग थोडा वेळ ओटीवर गार व्हायचं. त्यात आईची चौकशी चालूच. कुठनं आलास? वाटेत कोण भेटला? मसणाच्या अंगानं तं नाय ना आलास? माझे थोरले दीर मुरबाडहून पुतणीला बघायला आले, ते खरं बोलून बसले की वाटेत एका मयताला टेकून आलो. आईने त्यांना अंगणातूनच चहा पाजून परत लावलं. सोयऱ्याचा मान वगैरे सगळं नंतर. त्यामुळे तपासणीचं मला काही वाटलं नाही. आपल्या माणसाच्या हातून चाळून निघालेल्याला परक्याची काय भीती, असं मला वाटत होतं.

विमानतळाच्या दारात पहिले अडकले ते बाबा. बॅगा ढकलगाडीवर चढवून ते खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन निघाले. शिपायाने तिकीट मागितलं.

"मला कुठं जायाचं हाय?" बाबा म्हणाले. "पोरीला खिडकीला टॉवेल टाकतो नि येतो."

शहापूरच्या स्टँडवर त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. एसटी लागायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकायचा आणि मग निवांत चढायचं. शिपायाने मराठीतच समजावलं की काका, सीटचा नंबर छापून येतो. बाबांना ते काही पटलं नाही. "नंबर तं आमच्या यष्टीत पण हायत," ते म्हणाले, "बसतो कोण त्या नंबरावर?" शेवटी ते काचेबाहेर उभे राहिले, टॉवेल तसाच हातात. आतून मला ते हातवारे करून सांगत होते की धावत जा, जागा धर. मला हसू येत होतं आणि रडूही.

काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, बॅग तुम्हीच भरलीत का? मी खरं ते सांगितलं की नाही, आईने भरली, आणि वरचं चुलतीने कोंबलं. कुणी काही न्यायला दिलंय का? म्हटलं, सगळ्यांनीच दिलंय. खोटं कशाला बोला? बॅग उघडावी लागली. वरच सुकटीची पिशवी होती, खाली पोह्याचे पापड, नाचणीचं पीठ आणि मुरबाडच्या एका माऊलीने तिच्या मस्कतच्या मुलासाठी दिलेलं काहीतरी, जे मीही उघडून पाहिलं नव्हतं. ते चिंचेचे गोळे निघाले. सुकटीचा वास सुटला तसे मागच्या रांगेतले साहेबलोक नाकाला रुमाल लावून शेजारच्या रांगेत गेले. त्यामुळे माझी रांग लवकर सरली, हेही खरं.

मग आली खरी तपासणी. लेकीला गोधडीत गुंडाळून मी त्या चौकटीतून गेले आणि चौकट किंचाळली. पडद्याआडच्या बाईने मला उभं केलं. खाकी कपडे, घट्ट अंबाडा, उत्तरेकडची हिंदी. आधी संशय माझ्या जोडव्यांवर गेला. ती निघेनात, लग्नापासून कधी काढलीच नव्हती. पायाला साबण लावायची वेळ आली, तेवढ्यात तिच्या हातातलं यंत्र गोधडीजवळून गेलं आणि टीं टीं करत सुटलं.

"इसमें क्या है?"

"लोहा," मी म्हटलं. "बच्चे के लिए."

तिला वाटलं औषध असेल. हाताने चाचपल्यावर तिचा चेहरा बदलला. शिवण उसवायला कात्री हवी, आणि कात्री तर तिथे कुणाकडेच नसणार. मग लोकांकडून काढून घेतलेल्या वस्तूंची पेटी आणली, त्यातलीच एक जप्त कात्री काढली आणि त्या कात्रीने आईचे टाके तोडायला घेतले. आईचा टाका म्हणजे मुंगी शिरायची नाही. पहिल्या कोपऱ्यातून निघालं भात कापायच्या विळ्याचं मोडकं टोक, बोटभर लांब. गोधडी पुन्हा यंत्राखाली धरली, पुन्हा टीं टीं. दुसऱ्या कोपऱ्यातून बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा. "और कितने हैं?" बाईंनी विचारलं. मला तरी काय ठाऊक! मधल्या थरातून निघाली एक सुई, दोऱ्यासकट, जी आई पंधरवडाभर घरभर शोधत होती आणि जिच्यावरून माझ्या वहिनीने बोलणी खाल्ली होती. आणखी एका कोपऱ्यात टणक गाठ लागली. ती फोडली तर वेखंड. ते काही वाजत नव्हतं, पण आता त्यांचा विश्वास उडाला होता. दोघीतिघींनी ते वाळकं मूळ हुंगून पाहिलं. पोट दुखलं की उगाळून देतात, असं मी माझ्या हिंदीत सांगितलं. एकीला जोरात शिंक आली. वेखंड सुटलं.

विळ्याचं टोक मात्र सुटेना.

"मैडम, इससे किसको मारेगी मैं? इससे तो अब धान भी नहीं कटता."

"नियम है."

"हमारा भी नियम है," मी म्हटलं.

बाईंच्या दंडाला काळा दोरा होता. नजरेचाच असणार. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं, आणि बाही खाली ओढली. त्यांचा दोरा वाजत नव्हता, एवढाच काय तो फरक. तेवढ्यात माझ्या विमानाची घोषणा झाली. या तो ये छोड़ो, नहीं तो फ्लाइट छोड़ो, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

मी तिथे रडले, ते लपवत नाही. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ होती. ती मोडून तिला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? आणि न मोडावी तर तिचा बाप तिकडे मस्कतला ताटकळत. शेवटी मी ते टोक उचललं आणि पेटीत टाकायच्या आधी लेकीवरून उतरवून घ्यावं म्हणून तिच्याभोवती फिरवलं. दोन जवान धावत आले. बंदुकीच्या पहाऱ्यात लोखंड फिरवून मुलाची दृष्ट काढणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. खाकीतल्या बाईंनीच हात वर करून त्यांना थांबवलं. "करने दो," त्या म्हणाल्या. मग विळ्याचं टोक, खिळा आणि सुई नेलकटरांच्या ढिगात पडली.

मस्कतला नवऱ्याने लेकीला हातात घेतलं आणि लेकीने त्याचा नवा शर्ट ओला करून ओळख दिली. त्याला त्याचंही कौतुक. मग गोधडीचे लोंबणारे कोपरे दिसले. "उंदरानं कुरतडली का गो?" त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं तेव्हा तो हसून हसून गाडीच्या टपावर टेकला. मला मात्र हसू येईना. पुढचे दिवस पोर जरा किरकिरली की मला वाटायचं, झालं, लागलं काहीतरी. गरमीने रडते, असं शेजारीण सांगायची. माझं मन ऐकत नव्हतं.

आता मी वर्षाआड ये-जा करते आणि नियम मला तोंडपाठ आहेत. बूट काढा, पट्टा काढा, पाणी ओता. मध्ये एका वर्षी लोणचं पातळ की घट्ट यावर माझा आणि एका अधिकाऱ्याचा वाद झाला. मी त्याला फोड काढून दाखवली, त्याने तेल दाखवलं. लोणचं गेलं. नारळ आत नेता येत नाही, म्हणजे देवाचा प्रसादही अडतो. आता मी रडत नाही, भांडते, आणि मागच्या रांगेतल्या कुणाच्या नाकाला रुमाल लागला तर त्याच्याकडे वळून बघतेही. घरी आई तसंच पाय धुवायला लावते. लेक विचारते, आजीकडे पण सिक्युरिटी का असते?

पण पोचल्यानंतरचा तो पहिला शुक्रवार, मस्कतच्या सुट्टीचा, मला विसरता येत नाही. तेव्हा गावात फोन किराणा दुकानातच होता. आई तिथे येऊन बसायची. ख्यालीखुशाली झाली, आणि तिने विचारायच्या आत मीच बोलून टाकलं.

"आई, लोखंड काढून घेतलं गो त्यांनी."

लाइन कटली काय, असं दुकानदार विचारताना ऐकू आलं.

"सगला?" आईने विचारलं.

"सगळा. सुईपण."

"सुई? त्या गोधडीत व्हती? मेली, घर पालथं घातला मी!" मी रडतेय हे तिला कळलं असणार. मग ती म्हणाली, "मला सांग, इमान कशाचं असतंय?"

"म्हणजे?"

"लोखंडाचंच ना? मंग! पोर माझी लोखंडाच्या पोटात बसून गेली. कोपऱ्यात चार खिळं नसलं तं काय झाला? मीच येडी, उगा टाकं घालीत बसली. रडू नको आता."

विमान अॅल्युमिनियमचं असतं, हे सांगायला नवऱ्याने माझ्या शेजारून तोंड उघडलं. मी त्याचा पाय दाबून धरला.

दुनियेच्या दारात माझ्यासाठी कुठलाच नियम वाकला नाही, आणि आईचा तर सगळ्यांत कडक होता. मुरबाडच्या सोयऱ्याला तिने अंगणातून परत लावलं होतं. पण मी समुद्रापलीकडे रडतेय म्हटल्यावर तिने पिढ्यांचा नियम दुकानातल्या फोनवर उभ्या उभ्या बदलला, आणि वर चूक स्वतःकडे घेतली. घर म्हटलं की मला आता ओटी, अंगण नंतर आठवतं. आधी तो आवाज ऐकू येतो, एवढं मोठं विमान माझ्या लेकीसाठी लोखंडाचं करून टाकणारा.