फोटोत न हसणाऱ्या बाई

आमच्या कंपनीच्या बसमध्ये गडमुडशिंगीला पॅकिंग विभागातल्या एक बाई चढतात. चढतानाच गरजतात, "सरका की पावणं, बस काय सासऱ्याची हाय व्हय?" मग शेजारणीचा डबा उघडून वास घेतात आणि भाजीला मार्क देतात. कागल येईपर्यंत बस नुसती हसत असते.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीला आनंदी कर्मचाऱ्यांची कंपनी म्हणून पुरस्कार मिळाला. फोटोसाठी मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना आवारात उभं केलं आणि ओरडले, "हसा!" आम्ही लगेच हसलो. साहेबांना घाबरून हसायची आम्हाला सवयच होती. पुढच्या रांगेतल्या बाई मात्र हसल्या नाहीत.

"बाई, हसा!"

"न्हाय हसत." बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या पॅकिंगमधल्या पोरीकडं बोट केलं. "काल ह्या पोरीनं आईच्या दवाखान्यासाठी रजा मागितली, तर दिसभर सगळ्यांच्या म्होरं हुबं केलंसा तिला. तिची माफी मागा, मग हसतो की!"

साहेब लालबुंद झाले. "उद्यापासून कामावर यायचं नाही!"

काय झालं कोण जाणे, मी हिशेब विभागातला गरीब माणूस, मोठ्यानं बोलून गेलो, "मग मीपण हसणार नाही!" मागून आणखी एक आवाज आला, मग आणखी एक. बघता बघता सगळं आवार ओरडायला लागलं. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला.

शेवटी साहेब त्या पोरीसमोर गेले आणि पुटपुटले, "चुकलं माझं."

"मोठ्यानं बोला की सायेब," बाई म्हणाल्या, "मागच्यास्नी ऐकू येत न्हाय!"