ब्रेक सोडून चांद्याला हाक

मंडळी, आज रविवारी आम्ही तिघे मित्र राजूरजवळच्या माळावर क्वाड बाईक चालवून आलो. चार जाड चाकांची ती गाडी! हाडं अजून खिळखिळी आहेत.

आमचा गोरख मूळचा तिसगावचा, आता नागापूरच्या कंपनीत मशीनवर असतो. गाडीवर बसतानाच ऐटीत म्हणाला, "मला नका शिकवू, लई यंत्रं पाह्यलीत."

पहिल्याच उतारावर गाडी सुसाट सुटली. ब्रेक हाताशीच होता. पण कासरा ओढावा तशा दोन्ही मुठी छातीशी ओढत गोरख ओरडला, "होऽऽ चांद्या, होऽऽ!"

गाडी कसली ऐकते? सरळ करवंदीच्या जाळीत घुसली. खरचटण्यावर निभावलं. आम्ही पोट धरून हसलो.

चांद्या गोरखच्या घरचा बैल. ट्रॅक्टर आला त्या वर्षी विकला, त्याला वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत गोरखनं त्याचं नाव काढलं नव्हतं.

"हाक मारली की जागेवर थांबायचा," हातातले काटे काढत तो म्हणाला. "नेला त्या दिवशी बी मी हाक मारली. थांबला हुता. मंग व्यापाऱ्यानं ओढला."

हसणं सोडून आम्हीही त्याचे काटे काढू लागलो.

घाबरल्यावर तुमच्या तोंडून कुणाचं नाव निघतं?