त्या बाटलीतला भाऊ

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सरसुद्धा. एकोणीस वर्षं ती पेशी वाढवत होती. ज्यांना घरी कुंडीतलं रोप जगवता येत नाही अशी शिकली-सवरलेली मंडळी, पेशी मरायला टेकल्या की तिच्याकडे धाव घेत. ती त्यांना चार शब्द सुनावायची आणि पेशी वाचवून द्यायची.

एका बाटलीत तिच्या धाकट्या भावाच्या पेशी होत्या. त्याचे स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत चालले होते. पेशीच्या पातळ आवरणात बसून बाहेरचा निरोप आत पोचवणारं एक प्रथिन असतं, रिसेप्टर. भावाच्या पेशींत ते तयार व्हायचं, पण आवरणापर्यंत न पोचता आतच अडकून पडायचं. डॉक्टरांनी त्याच्या दंडाची मसुराएवढी कातडी काढून दिली होती आणि तिनं त्यातून या पेशी वाढवल्या होत्या.

सात महिन्यांपूर्वी एका नव्या औषधानं कमाल केली. खास रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली ते प्रथिन हिरवं चमकतं. औषध घातलेल्या थाळीत प्रत्येक पेशीच्या कडेला हिरवी रेघ उमटली. सर कितीतरी वेळ नुसता चष्मा पुसत राहिले. माणसांवर चाचणी होईल तेव्हा पहिला नंबर आपला, असं भावानं परस्पर ठरवूनही टाकलं. रोज संध्याकाळी विचारायचा, "ताई, आज किती रिसेप्टर वर आले?"

"तुझ्यापेक्षा लवकर उठतात," ती म्हणायची.

मग एका मंगळवारी तिच्या हातून एका थाळीत औषध घालायचं राहिलं. तरीही रेघ उमटली.

तिनं जुन्या नोंदी उघडल्या. औषधाशिवायच्या थाळीचा एक जुना, रेघ नसलेला फोटो होता, तुलनेला दर वेळी तोच जोडला जाई. नवा काढायची तसदी कुणी घेतली नव्हती. तिनं पेशींची ओळख तपासायला दिली. निकाल आला. शेजारच्या बाटलीतल्या निरोगी पेशी भावाच्या बाटलीत शिरून फोफावल्या होत्या, आणि त्याची एकही उरली नव्हती.

कसं झालं हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन बाटल्यांना एकाच नळीनं खाद्य घालायचं नाही, हे ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दटावून सांगे. पण औषधाचं काम सुरू होण्याआधी एकदा भाऊ जिन्यावरून पडल्याचा फोन आला, त्या सकाळी घाईघाईत तिनंच ते केलं होतं. एक थेंब पुरला. त्याच्या गोठवलेल्या पेशींची शेवटची कुपी तिनं उघडली, तर त्यातलं काही जगलं नाही. तिनं सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. औषधाचं काम थांबवण्याचं पत्र लिहायला बसले.

संध्याकाळी भावानं विचारलं, "आज किती?"

तिला रडू आवरेना. "त्या बाटलीत तू नव्हतासच रे. माझ्या हातनं चूक झाली. ती रेघ औषधाची नव्हतीच."

त्यानं मान खिडकीकडे वळवली. त्यानं आपल्याला वाट्टेल ते बोलावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"म्हणजे परत पहिल्यापासून?"

"हो."

"किती वर्षं?"

लागणार होती तेवढी वर्षं त्याच्याकडे नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

"बरं, मग घ्या परत कातडी," तो म्हणाला. "बाही तेवढी तूच वर कर. माझ्यानं आता होत नाही."