काकांची माती, काकूंचं नाक

काकांना वास येत नसे. कॉलेजच्या रसायनशाळेत जन्मभर ॲसिडच्या वाफा खाऊन त्यांचं नाक कामातून गेलं होतं. आणि नेमक्या याच माणसाने माझ्या मांजरीचा वास घालवायचा विडा उचलला!

मी अकोल्याची. नोकरीसाठी अमरावतीत त्यांच्याकडे भाड्याने राहायला आले, ती चिंगीला काखेत घेऊनच. काकूंनी तिथल्या तिथे बजावलं, "महिनाभर पाहीन. वास आला तं मांजर बाहेर." चिंगीला सोडायच्या कल्पनेनेच मला रडू येई.

काका निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा त्यांच्या अंगातून गेली नव्हती. तीन डब्यांत काळी माती, लाकडाचा भुसा आणि मांजराच्या शी-शूसाठी बाजारात मिळते ती माती भरून त्यांनी प्रत्येकात मोजून सारखंच पाणी ओतलं. कौल मात्र आधीच ठरलेला. "विकतची माती कायले पायजे? आपली दर्यापूरची कायी माती अख्खा पावसाळा पिते. तिच्यापुढं मांजर म्हंजे काय!" माती पाणी प्याली, फुगली, सगळं खरं. पण दुसऱ्या दिवशी ती चिंगीच्या शी-शूच्या घमेल्यात घातली, तर चिंगी त्या चिखलातून निघाली ती थेट काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवरून गेली. काकांनी वहीत काळ्या मातीवर काट मारली.

भुशाने ओल झटकन ओढली, वास तसाच ठेवला. हे कळायला नाक अर्थात काकूंचं. त्या रोज सकाळी घमेल्यावर वाकायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि काका ते वहीत टिपायचे. विकतच्या मातीचा मात्र ओल लागली की गोळा होई. तो झाऱ्याने अलगद उचलत काका म्हणायचे, "ओल पिणं येगळं न वास मारणं येगळं. गोया घराबाहेर गेला का वास गेला." मग सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचं काम त्यांनीच घेतलं. एवढ्याशा कामात इतका खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही.

महिना संपता संपता काकांना ताप भरला. मी कामाने दोन दिवस तिवशाला होते. परतले तर वास पार जिन्यापर्यंत. व्हरांड्यातल्या घमेल्याकडे धावले, तर काकू आधीच तिथे उभ्या. आतून पलंगावरून काकांचा बारीक आवाज आला, "आज महिना झाला. आला का वं वास?"

मी पायाशी आलेल्या चिंगीला उचलून घट्ट धरलं. काकूंनी दारातून त्यांच्याकडे पाहिलं.

"काहीच नाही येत. पास झाली तुमची माती."

काका डोळे मिटून हसले. काकूंनी नाकाला पदर बांधला, झारा घेतला आणि गोळे काढायला बसल्या. मला हळूच म्हणाल्या, "यायले सांगू नको."

मी अजून सांगितलेलं नाही.