एका वाटेचे तारे आणि घाटावरचं कूट

मी मूळची घाटावरची. फोंडाघाट उतरून इथल्या खाडीकाठच्या गावात सून म्हणून आले, ओरोसच्या कचेरीत नोकरी केली, निवृत्तही झाले. तरी बाजारात अजून कुणीतरी म्हणतंच, "ही घाटावरची गो!" पूर्वी मी फाडकन उत्तर द्यायची. आता नुसती बघते. बघण्यानंही काम होतं.

माझी लेक मात्र अस्सल इथली. पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करते. आकाशात काही तारे एकमेकांपासून लांब असले तरी एकाच दिशेनं, एकाच वेगानं चाललेले असतात. अशाच एका टोळीवर तिचा प्रबंध. तिचा अंदाज होता की ही सगळी भावंडं, वायूच्या एकाच ढगात जन्मलेली आणि पुढे पांगलेली. ते सिद्ध झालं असतं तर परदेशातल्या एका वेधशाळेत निवड होण्याची आशा होती. मुलाखत तोंडावर आलेली.

सिद्ध करतात कसं, तर ताऱ्याचा उजेड फोडून बघतात. त्यात लोखंड किती, मॅग्नेशियम किती, बेरियम किती, सगळं कळतं. एका ढगातले असतील तर प्रमाण सारखं निघणार. अगं बाई, नुसत्या उजेडावरून अंगातलं लोखंड ओळखतात! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोरीला मनातल्या मनात हात जोडले होते.

यंदा गावपळण आली. देवाचा कौल झाला की आमचा अख्खा गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर जातो, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट, आणि परतीचा कौल मिळेपर्यंत झोपड्यांत राहतो. लेक आली ती लॅपटॉप काखेत मारून आणि तोंड एवढंसं करून. माझी नारळाची टोपली तिनं उचललीसुद्धा नाही. मी म्हटलं, "काय झालं ते एकदा बोल, नाहीतर त्या डबड्यासकट खाडीत लोटीन."

"आई, ती भावंडां नाय गो," ती म्हणाली. चाल एक, पण धातूंचं प्रमाण ज्याचं त्याचं वेगळं निघालं होतं.

"मग जुळत नाहीत ते तारे काढून टाक. तांदळातले खडे निवडतो तसे."

"ते खडे नाय. तेंच्यातच खरा उत्तर आसा."

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं डोळे फोडलेस आणि आता हातातोंडाशी आलेला घास घालवतेस? शहाणी मोठी!" जीभ चालत होती, पण आत एकच काळजी. हिचं आता कसं व्हायचं, दुसरं काही सुचेना.

नेमका तेव्हाच व्हिडिओ काढायला आलेला एक पाहुणा पुढ्यात येऊन उभा. "काकू, सगळे एकत्र निघालात. हे सगळं एकच घराणं का?"

"डोळे फुटलेत काय?" मी कडाडले. "तो शिंपी, ते मोहल्ल्यातले चाचा, ती पाव भाजणारी ख्रिस्ती बाय, आणि मी घाटावरची. म्हणे एक घराणं! चुलीवरचं चाखून बघा, म्हणजे कळेल कोण कुठलं."

वेशीबाहेर चुली पेटल्यावर तो खरंच चाखत फिरला. शिंप्याकडे बांगड्याच्या कालवणात तिरफळं, बायकडे व्हिनेगरचा आंबटपणा, आणि माझ्या वांग्यात दाण्याचं कूट, जे इथं कुणी घालत नाही. लेक त्याच्या मागोमाग हसत हिंडत होती. हसता हसता एकदम थांबली.

"आई, ही सगळी एका घरची नाय, तरी एकत्र चलतत. कित्या? कौल झालो म्हणान. माका ह्याच दिसला नाय. मी ताऱ्यांचे आवस-बापूस सोधीत रवलंय. तेंका एका वाटेक लावता कोण, ह्या सोधूक व्हया."

मग मला साध्या भाषेत सांगितलं. आकाशगंगेच्या मधोमध ताऱ्यांचा एक लांबट दांडा फिरतो. त्याच्या ओढीनं वेगवेगळ्या ठिकाणी जन्मलेले तारे एका वाटेला लागू शकतात. उलट्या बालदीवर बसून ती लिहीत सुटली. भाकरी गार झाली. मी तिला हाक मारली नाही, आणि मी हाक न मारणं म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी नेटवर्क मिळतं त्या टेकाडावर चढून तिनं मार्गदर्शकांना फोन लावला. खाली मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "नाही सर, एकही तारा वगळणार नाही. निवड नाही झाली तरी चालेल." माझे डोळे भरून आले. शेजारणीला म्हटलं, चुलीचा धूर गेला.

मुलाखतीत तिनं तेच मांडलं. परवा फोन आला, "आई, झाली निवड!"

मी आनंदानं ओरडले, आणि लगेच रडू फुटलं. "तिथं तुला परकीच म्हणतील गं. जन्मभर."

"म्हणांदेत," ती म्हणाली. "तुका म्हणतत मां? तरी गावपळणीत सगळ्यांच्या आदी तूच भायर पडतस."

मी पदरानं डोळे पुसले.

"आणि आयक," ती म्हणाली, "जाताना माका तुझा कूट व्हया. डबो भरून."

फोन ठेवला आणि शेंगदाणे भाजायला घेतले.