धुळ्याला मी दुसऱ्याची साक्ष दिली

ऐंशीच्या दशकात जळगावात आमचं एक चित्रपट मंडळ होतं. सचिव मी. पुण्याहून पत्र्याच्या डब्यातून रिळं यायची, ती मी आधी एकटा बघायचो आणि सभासदांसमोर प्रस्तावना ठोकायचो. हा हक्क मला कोणी दिला नव्हता, पण कोणी काढूनही घेतला नव्हता.

एकदा जुना जपानी रहस्यपट आला. डोंगरातल्या सरायीत खून होतो, इन्स्पेक्टर एकेकाची जबानी घेत जातो. मी प्रस्तावनेत सांगून टाकलं, सरायवाला आणि व्यापारी ही एकाच माणसाची दोन रूपं आहेत, हीच दिग्दर्शकाची खुबी! अर्ध्या तासात ती दोन्ही रूपं पडद्यावर समोरासमोर बसून भात खायला लागली. हॉल खदखदला. एकटा बघताना त्या भाताच्या वेळी मला डुलकी लागली होती आणि एरवी सगळे जपानी चेहरे सारखेच दिसले होते, एवढीच ती खुबी.

नंतर चर्चेत माझा मित्र उठला. तारऑफिसात कारकून, भुसावळकडच्या खेड्यातल्या बौद्ध घरातला. म्हणाला, "प्रेत पहिल्यांदा बघितलं ते कातडं कमावणाऱ्यानं. इन्स्पेक्टर सगळ्यांना विचारतो, त्याला सोडून. कॅमेरासुद्धा त्याची फक्त पाठ दाखवतो. आमच्या वस्तीत हेच. पंचनाम्याला पंच गावातले. आमच्याकडे पोलीस येतात ते विचारायला नाही, उचलायला."

मी तो सिनेमा दोनदा पाहिला होता, ती पाठ एकदाही नाही. मित्राचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलं ते एवढंच, की हे मला का सुचलं नाही?

आठवड्याभरात धुळ्याच्या मंडळाचं पत्र आलं. 'तोच सिनेमा आम्ही दाखवतोय. तुमच्याकडे कातडेवाल्याबद्दल जे बोलले म्हणे, त्यांनाच पाठवा.' पत्र सचिवाच्या नावानं, म्हणजे फोडलं मीच. उत्तरही मीच लिहिलं, 'त्यांना सर्दी झाली आहे, मी येतो.' मित्राजवळ चकार शब्द काढला नाही.

धुळ्याला मी काय रंगलो! त्याची वाक्यं, त्याचे थांबे, सगळं उचललं. भरात 'आमच्या वस्तीत' हेही तोंडून निघून गेलं. पुढच्या रांगेतले टोपीवाले आबा म्हणाले, "तुमनी वस्ती कोनती शे, भाऊ?"

आमचं घर वकील-डॉक्टरांच्या शेजारात. खोटं सुचेना. "जिल्हापेठ," मी पुटपुटलो.

"तठे पोलीस पंचनामा कराले येतस, का चहा पेवाले?"

हशा ओसरल्यावर आबा शांतपणे म्हणाले, "ज्यानं हाई भोगं, त्याले आना."

दुसऱ्या दिवशी तारऑफिसात जाऊन मी मित्राला सगळं सांगितलं. त्यानं हातातला फॉर्म पुरा केला, शिक्का मारला.

"सर्दी कसली लिहिलीस?"

"साधीच."

"मग आता बरी झाली म्हणून कळव." हसला नाही. "आणि माझं पत्र मला दे."

पुढच्या रविवारी तो धुळ्याला बोलला. मी सोबत गेलो. कागद नाही, आवेश नाही. त्यानं बापाला चौकीत कसं बसवून ठेवलं होतं, ते सांगितलं, आणि मग सिनेमातल्या त्या पाठीकडे वळला. शेवटी लोक टाळ्या वाजवायचंही विसरले. ते तर मला टाळ्यांपेक्षा जास्त झोंबलं.

परतीच्या एसटीत, पारोळा मागे पडल्यावर, त्यानं विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं," मी म्हणालो. "आवाज तेवढा मागपर्यंत पोचत नव्हता."

मी पहिल्या रांगेत बसलो होतो.