पप्पांचा एकच शब्द

शाळेत इंग्रजीच्या बाई दर शुक्रवारी एक शब्द देत आणि त्याचे जितके अर्थ, जितके समानार्थी शब्द सापडतील तितके वहीत लिहून आणायला सांगत. मला तो गृहपाठ आवडायचा, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. 'राइट' या शब्दाने माझं पान भरलं होतं. बरोबर, योग्य, उजवा, हक्क, सरळ, लगेच. पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्यानंतर त्यांच्याकडे तो एकच शब्द उरला.

पप्पा देवळाली कॅम्पात स्टोअरकीपर होते. सामानाची मोजणी असली की एक जण यादी वाचायचा, "ब्लँकेट, चाळीस," आणि पप्पा रॅककडे बघून म्हणायचे, "राइट." आयुष्यभर तेच केल्यामुळे घरीही तेच. मम्मी म्हणायची, येताना कोथिंबीर आणा, की राइट. झटक्यात उजवा हात गेला, पाय गेला, माझं नावसुद्धा त्यांच्या तोंडून गेलं. हा शब्द मात्र तसाच राहिला.

दवाखान्यातून घरी आणल्यावर दिंडोरीहून आत्या आली. तिने विचारलं, "दादा, वळखलं का मला?" पप्पा म्हणाले, "राइट." "चहा घेतो का?" "राइट." आत्या पदर तोंडाला लावत म्हणाली, "आमच्या दादाला मराठी पुरंना झाली बाई! पार सायबावानी इंग्रजीतच बोलाया लागला." सगळे हसले. पप्पाही हसले, चेहऱ्याच्या डाव्या बाजूने. मग आत्या स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मी तेव्हा घरूनच थोडं काम करत होते आणि दिवसभर त्यांच्याजवळ असायचे. मला माणसांकडे बघत बसायची सवय आहे, बोलता येत नाही म्हणून असेल. दोन आठवड्यांत मला कळायला लागलं. शब्दाचा शेवट खालच्या सुरात सोडला, म्हणजे आता पुरे. दोनदा भराभर म्हटलं की बाथरूमला जायचंय. लांबवून, डोळे दाराकडे लावून, म्हणजे कोण आलंय. आणि घशातून, खरखरीत, सोबत डावा तळहात गादीवर आपटून म्हटलं की नाही. मी हे सगळं लिहून काढलं. शब्दकोशातला एकही अर्थ त्यात नव्हता.

घरात माझी किंमत एकदम वाढली. काका आले, मम्मी आली, शेजारच्या काकू आल्या, की आधी माझ्याकडे बघायचे. "काय म्हणतायत गं?" मी सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. जन्मात पहिल्यांदा माझ्या बोलण्याची कुणीतरी वाट बघत होतं.

मग पुण्याची नोकरी आली. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मम्मी म्हणाली, "मला काय विचारतेस? त्यांना विचार. तुलाच कळतं त्यांचं."

मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. "पप्पा, पुण्याला नोकरी लागलीय. तिकडेच राहावं लागेल. जाऊ?"

त्यांच्या घशातून आलं, "राइट." तळहात गादीवर आपटला. पुन्हा म्हणाले, पुन्हा आपटला. बिनमिठाच्या खिचडीला ते असंच म्हणाले होते. चुलतभाऊ त्यांची स्कूटर मागायला आला तेव्हाही. शंकेला जागाच नव्हती.

"काय म्हणाले गं?" मम्मीने आतून विचारलं.

मी म्हटलं, "हो म्हणाले."

मम्मी हात पुसत बाहेर आली. "बघा! मी काही मागितलं की शंभर प्रश्न, आणि पोरीला लगेच हो." आनंदाची बातमी, म्हणून तिने चमचाभर साखर आणून त्यांच्या तोंडात घातली. त्यांना ती नीट गिळताही येईना आणि बाहेरही काढता येईना. साखर तोंडात धरून ते माझ्याकडे बघत होते. मी आत जाऊन बॅग कुठे आहे ते शोधायला लागले.

पुण्याला मम्मीचे फोन यायचे. "थांब, त्यांच्या तोंडाशी धरते. काय म्हणतायत सांग." फोनवर तो हात दिसायचा नाही, डोळे दिसायचे नाहीत. मी अंदाजाने म्हणायचे, "चहा हवाय." "अगं, आत्ताच तर दिला." व्हिडिओ कॉल लावला तर ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. काही महिन्यांनी फोनमध्ये नुसता श्वास ऐकू यायला लागला.

मागच्या महिन्यात घरी गेले होते. मम्मी वाळलेले कपडे घडी करत होती. म्हणाली, "आता ते बोलतच नाहीत. मला मेलीला काही समजत नाही ना, कंटाळले असतील माझ्यापुढे बोलून." हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की मला पुढे गप्प बसता आलं नाही. मी सांगितलं. ते हो म्हणाले नव्हते.

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "मग तू मला..."

"मला जायचं होतं."

"मूर्ख. मी पाठवलंच असतं तुला. ते शंभरदा नाही म्हणाले असते तरी पाठवलं असतं. भांडले असते त्यांच्याशी." टॉवेल बाजूला ठेवत म्हणाली, "भांडू तरी द्यायचंस आम्हाला."

ती उठून त्यांच्या पलंगाशी गेली. मी दारात उभी राहिले. "अहो, ऐकलंत का? तुम्ही नको म्हणाला होतात. मला आज कळलं." पप्पांनी भिंतीकडची मान वळवली. "पण मी तुमचं ऐकणारच नव्हते, सांगून ठेवते. एवढं शिकवलं ते काय घरात बसायला?"

ती थांबली. तिला खरंच उत्तर हवं होतं. तिने त्यांचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि अजून थोडं चढ्या आवाजात म्हणाली, "बोला ना. माझं चुकलं का?" ते तिच्याकडे बघत राहिले. ती पुढचं वाक्य बोलली, पुन्हा थांबली. असं बराच वेळ चाललं होतं. एकाही वाक्याला उत्तर आलं नाही.